बारीक पानांचा सब्जा : जागा थोडी, हिशेब पक्का

सब्जा आपल्या लोकांना नवा नाही. कबरीवर लावला जाणारा सब्जा आणि फालुद्यात भिजवलेले त्याचे बी आपण सगळेच ओळखतो. कुरआन शरीफात सूरह रहमान व सूरह वाकिआ यांत 'रैहान'चा, म्हणजे सुगंधी वनस्पतीचा उल्लेख आहे. अरब लोक सब्जाला याच नावाने ओळखतात. हॉटेलवाल्यांचा 'बेसिल' तोही हाच. तुळस मात्र वेगळी.

यातलीच एक ठेंगणी जात म्हणजे 'बुश बेसिल'. उंची जेमतेम सहा ते बारा इंच, पाने बारीक, झाड चेंडूसारखे गोल. वसईच्या वाडीवाल्यांकडे जमीन आहे. नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहणाऱ्या कारागिरांकडे फक्त गॅलरी. ही जात गॅलरीसाठीच आहे असे म्हणा ना.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात बी टाकावे. सहा ते आठ इंची कुंडी घ्यावी, तिच्या बुडाला भोक हवेच. बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नये. आठवडा-दहा दिवसांत कोंब येतात. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे व पाणी सकाळी मुळाशी घालावे. तुरा दिसताच खुडावा, नाहीतर पाने कमी होतात. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटू नये. पावसाळ्यात झाड वळचणीला ठेवावे, कारण ओल साचली की पाने काळी पडतात.

स्वयंपाकात ही पाने शेवटी, भांडे उतरवताना घालावीत. जास्त शिजवली तर वास उडून जातो. बारीक असल्याने चिरावी लागत नाहीत. खिमा, तळलेली मासळी, कचुंबर, लिंबाचे सरबत, खोबऱ्याची चटणी, सगळ्यांत चालतात. खुडलेल्या काड्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने काळ्या पडतात. पेल्यात पाणी घालून त्यात उभ्या ठेवाव्यात.

आता धंद्याचे. खुडलेला पाला नाशवंत, त्यामुळे नवख्याने जिवंत कुंडीच विकावी. आज गिऱ्हाईक आले नाही तर कुंडी उद्याही ताजी असते. आधी गिऱ्हाईक ठरवावे, मग बी टाकावे. हॉटेल, नर्सरी, दादरचा फूलबाजार, जिथे देणार तिथे प्रथम विचारून यावे. भाव काढताना कुंडी, माती, खत, गाडीभाडे, दलाली आणि मेलेली रोपे धरावीत. घरच्या बायकांची मेहनतही धरावी. ती फुकट समजली की नफा खोटा दिसतो.

एक सावधगिरी. फालुद्याचे बी पेरले तर मोठ्या पानांचा सब्जा उगवेल. दोन्ही जाती शेजारी फुलल्या तर मधमाश्या पराग मिसळतात आणि पुढचे बी भेसळीचे निघते. अशा बियांचे रोप 'बुश' म्हणून विकू नये. आम्ही कापडवाले ताका उघडून दाखवतो, कुठे डाग असेल तर तोही दाखवतो. रोपाच्या धंद्यातही हाच दस्तूर ठेवावा. माल थोडा असो, पण खरा असो. बरकत त्यातच आहे.