रात्री एक वाजता मगरिब!

घड्याळात रात्रीचा पाऊण वाजला होता आणि आम्ही नदीकाठच्या दगडांवर बसून सूर्य मावळण्याची वाट पाहत होतो. "मामू, अजून थोडा वेळ," भाचा हसत म्हणाला. जून महिना संपत आला होता. समोर मॅकेन्झी नदीचे काही किलोमीटर रुंद पात्र सोन्यासारखे चमकत होते, आणि त्या पात्रात तेल काढण्यासाठी बांधलेली बेटे काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती.

हे गाव म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाकडचे नॉर्मन वेल्स. आर्क्टिक वृत्त येथून थोडेच वर आहे. वस्ती जेमतेम सातशेची. भाचा नोकरीनिमित्त एडमंटनला असतो. त्याच्याकडे सुट्टीला गेलो, तेव्हा मोठी शहरे पाहण्याऐवजी आम्ही दोघांनी हे गाव निवडले. त्यालाही कारण आहे. आमचे घर कोकणातले. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची चूल आखातातल्या तेलाच्या पैशावर पेटली, आमच्या शाळेची फीसुद्धा तिथूनच आली. पण तेलाचे गाव कसे असते, ते आम्ही कधी पाहिले नव्हते.

इथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात नदीनाले गोठले की बर्फावरून रस्ता तयार होतो, उन्हाळ्यात सामान बार्जमधून येते. एरवी विमान. एडमंटनहून निघून येलोनाइफला विमान बदलावे लागते.

या भूमीचे मूळ रहिवासी म्हणजे सहतू देने लोक. त्यांच्या भाषेत गावाच्या नावाचा अर्थच 'जिथे तेल आहे' असा होतो. काठावर झिरपणारे तेल त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी या नदीतून गेला, आणि १९२० मध्ये इथे पहिली विहीर लागली. पुढे १९८० च्या दशकात नदीपात्रात सहा कृत्रिम बेटे उभी करून तिथून तेल काढू लागले. १९८५ पासून हे तेल ८६९ किलोमीटर लांबीच्या नळाने दक्षिणेला अल्बर्टात जाऊ लागले.

गावातल्या छोट्या संग्रहालयात एक वेगळीच कहाणी समजली. दुसऱ्या महायुद्धात जपान अलास्कावर चालून येईल, अशी अमेरिकेला धास्ती होती. म्हणून १९४२ ते ४४ या काळात हजारो माणसांनी पर्वत ओलांडून इथून व्हाइटहॉर्सपर्यंत तेलाचा नळ टाकला. वाट दाखवायला देने वाटाडे होते. कोट्यवधी डॉलर ओतले, आणि जेमतेम वर्षभर तेल वाहिल्यावर १९४५ मध्ये सगळे बंद! ट्रक, पंप, तारा जागच्या जागी टाकून माणसे निघून गेली. उरलेल्या टेलिफोनच्या तारांत पुढे कितीतरी वर्षे कॅरिबू आणि मूस यांची शिंगे अडकत राहिली.

आज त्याच वाटेवर पदभ्रमण चालते. कॅनॉल ट्रेल असे तिचे नाव. लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटर, वाटेत एकही दुकान नाही, नद्या पायी ओलांडायच्या. पूर्ण वाट चालायला तीन आठवडे लागू शकतात. आम्ही नावेने पैलतीरी जाऊन फक्त काही तास चाललो. सोबत वाटाड्या, त्याच्या कमरेला अस्वलासाठी तिखट फवारा, आणि आमच्या भोवती डासांचे ढग. कोकणातल्या पावसाळ्याची सवय असलेले आम्हीही तोंडावर जाळी ओढून बसलो. गंजलेल्या ट्रकच्या सांगाड्यातून जांभळी फुले वर आलेली पाहिली आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

खाण्याची काळजी होती. मांस टाळले, डाळ-तांदूळ आणि मसाला बरोबर नेला होता, आणि ताजी मासळी मिळाली. बेगमने गावातल्या खोलीत त्या थंड पाण्याच्या माशाचे कालवण केले. नारळ नव्हता, तरी बरे झाले! दुकानातले भाव मात्र घाम फोडणारे. १९९६ मध्ये इथली रिफायनरी बंद झाली, तेव्हापासून तेलाच्या गावालाच पेट्रोल बाहेरून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर नदी इतकी आटली की बार्ज पोहोचलेच नाहीत, सामान विमानाने आणावे लागले.

नमाजचा प्रश्न वाचक विचारतीलच. सूर्य रात्री दीडच्या सुमारास मावळतो, साडेतीनच्या सुमारास पुन्हा हजर, आणि मधल्या वेळेत अंधार होतच नाही. अशा मुलखात काही लोक जवळच्या मोठ्या शहराचे वेळापत्रक धरतात. याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या इनुविकच्या मुसलमानांनी उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये एडमंटनची वेळ पाळली होती. त्यांची छोटीशी मशीद विनिपेगला बांधली गेली आणि २०१० मध्ये सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास करून तिथे पोहोचली. आधी ट्रकवर, मग बार्जवर, याच पाण्यावरून. आम्ही बसलो होतो त्याच काठासमोरून ती गेली असेल, या विचाराने अंगावर शहारा आला.

परतल्यावर वर्गात भूगोलाच्या तासाला हे सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, तेल संपल्यावर त्या गावाचे काय होणार?" त्याचे अब्बा आखातात आहेत. तेल उतरणीला लागले आहे, हे नॉर्मन वेल्सला ठाऊक आहे. पैलतीरावर गंजलेले ट्रक रोज समोर असल्यावर विसरायचे कसे? नदी, डोंगर, मासे आणि मूळचे लोक मात्र तेलाच्या आधीही होते.

आम्ही त्या मुलाला उलट विचारले, "आपल्या मोहल्ल्याचे काय होणार?" वर्ग शांत झाला. उत्तर त्यांनी घरी विचारून आणायचे आहे. वाचकहो, तुमच्या घरातही हा प्रश्न विचारून पाहा.