व्हेरो बीचचे मैदान

क्रिकेट तुमच्या ओळखीचे आहे. अमेरिकेत तितक्याच आवडीने खेळला जाणारा खेळ म्हणजे बेसबॉल. त्यातही एक खेळाडू चेंडू फेकतो, दुसरा तो बॅटीने टोलवतो आणि धाव काढण्यासाठी पळतो. या खेळाच्या मुख्य हंगामात प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात.

इतक्या मोठ्या हंगामाची तयारी आधीपासूनच करावी लागते. परंतु फेब्रुवारी-मार्च महिन्यांत अमेरिकेच्या उत्तर भागात कडाक्याची थंडी असते. म्हणून सर्व संघ दक्षिणेकडील उबदार प्रदेशात जाऊन सराव करतात. यालाच 'वसंत सराव' म्हणतात. आज तीस प्रमुख संघांपैकी पंधरा संघ फ्लोरिडा राज्यात आणि पंधरा संघ ॲरिझोना राज्यात सराव करतात. फ्लोरिडातील सराव सामन्यांना 'ग्रेपफ्रूट लीग' असे नाव आहे. ग्रेपफ्रूट हे तिकडे पिकणारे पपनसासारखे फळ आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात निवडुंग फार. म्हणून तेथील सामन्यांना 'कॅक्टस लीग' म्हणतात.

फ्लोरिडातील व्हेरो बीच या लहानशा गावात अशाच सरावासाठी बांधलेले एक मैदान आहे. त्याचा इतिहास केवळ खेळाचा नाही, माणुसकीचाही आहे.

त्या काळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'डॉजर्स' नावाचा संघ होता. सुमारे साठ वर्षे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख संघांची दारे बंद होती. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ही रूढी मोडली. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून मैदानात उतरला.

पण सरावाचे काय? फ्लोरिडात तेव्हा गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी हॉटेले, शाळा, पाण्याचे नळ, सारे वेगवेगळे होते. १९४६ साली सॅनफर्ड गावात सरावाला गेलेल्या रॉबिन्सनला धमक्यांमुळे गाव सोडावे लागले होते. १९४७ साली तर संघाने अमेरिकेबाहेर, क्यूबा देशातील हवाना शहरात सराव केला.

सर्व खेळाडूंना एकत्र राहता येईल अशी जागा रिकींना हवी होती. व्हेरो बीच येथे दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा विमानतळ होता. युद्ध संपल्यावर तो ओस पडला. बड होल्मन या स्थानिक व्यापाऱ्याने ही जागा डॉजर्सना सुचवली. १९४८ साली तेथे 'डॉजरटाउन' सुरू झाले. नौसैनिकांच्या जुन्या बराकींत गोरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू एकाच छपराखाली राहू लागले, एकाच भोजनगृहात जेवू लागले. कुंपणाबाहेरच्या गावात मात्र भेदभाव तसाच होता.

येथील सोयी त्या काळी नव्या होत्या. चेंडू फेकणारी यंत्रे होती. घसरत जाऊन ठाणे गाठण्याच्या सरावासाठी मऊ मातीचे खड्डे होते. एका जागी दोन खांबांमध्ये दोऱ्या बांधून हवेत चौकट केली होती. गोलंदाजाने त्या चौकटीतून नेमका चेंडू काढायचा. साधी दोरी, पण तिने नेमबाजी शिकवली!

१९५३ साली येथे नवे स्टेडियम उभे राहिले. त्याला होल्मन यांचे नाव देण्यात आले. एमिल प्रेगर या अभियंत्याने त्याचा आराखडा केला. जवळच तळे खोदताना निघालेली माती वाया न घालवता तिचा उतार केला आणि त्यावर प्रेक्षकांची आसने बसवली. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. खेळाडूंची बाकेही उघडीच होती. त्यामुळे आवडता खेळाडू अगदी जवळून दिसे.

पण या स्टेडियममध्येही कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसावे लागे. त्यांची स्वच्छतागृहे आणि पाण्याचे नळही वेगळे होते. एकाच संघातून खेळणाऱ्या खेळाडूंचे चाहते मात्र एकत्र बसू शकत नव्हते! १९६२ साली डॉजरटाउनचे तरुण संचालक पीटर ओमॅली यांनी वेगळेपणाच्या पाट्या काढून टाकल्या. तरीही अनेक जण सवयीने जुन्याच जागी जाऊन बसत. तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्यांच्याजवळ जाऊन सांगितले, की आता कोठेही बसा. पाटी काढणे सोपे असते. मनातली भीती काढायला मात्र कोणीतरी आपल्या माणसाने हात धरावा लागतो. वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा अमेरिकेत १९६४ साली झाला, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी.

डॉजर्स संघ १९५८ साली लॉस एंजेलिसला गेला, तरी वसंत सरावासाठी तो व्हेरो बीचलाच येत राहिला. २००८ नंतर त्याने ॲरिझोनात सराव सुरू केला. व्हेरो बीचची मैदाने मात्र ओस पडली नाहीत. २०१९ साली या संकुलाला 'जॅकी रॉबिन्सन प्रशिक्षण संकुल' असे नाव देण्यात आले. आता तेथे होतकरू मुलामुलींना बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवले जाते.

ज्या राज्यातील एका गावातून रॉबिन्सनला निघून जावे लागले होते, त्याच राज्यात आज मुले त्याच्या नावाच्या मैदानावर खेळतात. चेंडू फेकणाऱ्याचा रंग चेंडूला ठाऊक नसतो. माणसांना मात्र ते शिकावे लागले.