‘हे घर विकायचं नाही’

आज जरा लांब जाऊ, पश्चिम आफ्रिकेत. नायजेरियातल्या लागोस शहरात घरांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं दिसतं, ‘हे घर विकायचं नाही’. विकायचं नाही, तर लिहायचं कशाला? कारण मालक चार दिवस परगावी गेला, की एखादा भामटा मालक बनून घर परस्पर विकून टाकतो!

जवळच्या घाना देशातही हीच चिंता. राजधानी अक्रा पसरत पसरत शेतांवर आली. देशातली सुमारे ८० टक्के जमीन गावप्रमुखांकडे आणि घराण्यांकडे वहिवाटीनं आलेली आहे. आपल्या सातबाऱ्यासारखी नोंद बऱ्याच तुकड्यांना नाही. भाव वाढला, की एकच प्लॉट दोघातिघांना विकला जातो. एकानं पाया घातला, की दुसरा भाड्याचे गुंड आणतो. त्यांना तिथे ‘लँडगार्ड’ म्हणतात. म्हणून लोक कब्जा दिसावा यासाठी आधी कुंपणाची भिंत घालतात, मग पैसे जमतील तशी एकेक खोली. घरं आधी, रस्ता आणि गटार मागाहून.

सेनेगलमध्ये उलट झालं. डाकारच्या मधल्या वस्त्यांतून उठवलेल्या लोकांसाठी १९५२ साली शहराबाहेर पिकीन वसवलं. तिथे प्लॉट आखून दिले होते. पण १९७०च्या दशकात दुष्काळ पडला, खेड्यांतून माणसं आली आणि आखलेल्या भागापलीकडच्या कोरड्या पडलेल्या खोलगट जागेत त्यांनी घरं बांधली. पुढे पाऊस परतला. २००५ साली घराघरांत पाणी शिरलं, कित्येकांना घर सोडावं लागलं. पाणी आपली जागा विसरत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. तिथे १९८३ ते ८७ या काळात थॉमस संकारांच्या सरकारनं झोपड्यांच्या वस्त्या मोजून लोकांना प्लॉट दिले. काम मोठंच होतं. तरी त्या हद्दीपलीकडे पुन्हा बिनआखणीच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते घानाचं २०२० सालचं पाऊल. तिथल्या जमीन कायद्यानं लँडगार्डगिरी गुन्हा ठरवली. शिवाय लग्नानंतर नवरा-बायकोनं मिळून विकत घेतलेली जमीन कागदावर एकट्या नवऱ्याच्या नावे असली, तरी वेगळं लिहून ठेवलं नसेल तर ती दोघांची धरायची, असंही ठरलं. पण जिथे व्यवहार चार माणसांसमोर तोंडीच झाला, तिथे ती बाई कोणता कागद दाखवणार?