उजेड, चिखल आणि इंधन

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरे आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची आहेत. खाजनातील काळा चिखल उकरला की कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. हवेवाचून जगणारे जीवाणू खाऱ्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. तो चिखलातील लोहाशी संयोग पावला की काळे लोह सल्फाइड बनते. जीवाणूंच्या या खनिज घडविण्याच्या गुणाचाच उपयोग आजच्या विषयात केलेला आहे.

सौर पट्टी प्रकाश उत्तम शोषते, पण कर्बाचे रेणू तिला जुळविता येत नाहीत. काही जीवाणूंना ते सहज साधते, पण त्यांना उजेड वापरता येत नाही. या दोहोंची सांगड अमेरिकेत बर्कली येथे केल्सी साकिमोटो, पेइडाँग यांग प्रभृतींनी घातली व २०१६ च्या जानेवारीत ‘सायन्स’ नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यांनी ‘मूरेला थर्मोॲसेटिका’ या जीवाणूला कॅडमियमचा क्षार आणि सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल दिले. जीवाणूने स्वतःच्याच अंगावर कॅडमियम सल्फाइडचे नॅनोमीटरच्या मापाचे कण चढविले. (मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.) या कणांवर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मोकळे होतात; त्यांच्या बळावर जीवाणू कर्बवायूचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, करतो. हे आम्ल स्वतः इंधन नव्हे. दुसऱ्या जीवाणूंकरवी त्यापासून ब्युटॅनॉलसारखे इंधन करता येते. मंद कृत्रिम सूर्यप्रकाशात ही कार्यक्षमता सुमारे अडीच टक्के भरली. बहुतेक पिकांची वर्षभराची सरासरी एक टक्क्याच्याही खाली असते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा आकडा लहान वाटत नाही.

मात्र या कामात सिस्टीन खर्ची पडते. ते पुन्हा घडविण्यासाठी त्याच संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जोडून पाहिले. त्यांत इलेक्ट्रॉन पाण्यापासून मिळतात आणि ऑक्सिजन सुटतो. पण मूरेला मुळात ऑक्सिजनविना वाढणारा जीव! ही अडचण किरकोळ नव्हे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कॅडमियमची बाब. हा धातू विषारी आहे. डिचोलीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही: टेकड्यांतून किती खनिज निघाले याचे आकडे सर्वांना ठाऊक असतात, शेतांत आणि ओहोळांत उतरलेल्या गाळाची मोजदाद मात्र क्वचितच होते. म्हणून कार्यक्षमतेबरोबरच वापरून झालेल्या कणांचे काय करायचे, हेही आधीच विचारले पाहिजे. २०१८ साली यांग यांच्याच गटाने कॅडमियमऐवजी सोन्याचे अतिसूक्ष्म पुंजके त्याच जीवाणूच्या पेशीत घालून दाखविले. ते विषारी नाहीत. महाग आहेत.