मण्याचा अर्थ भोकात असतो

आपल्या विषयातल्या संशोधन प्रस्तावांत एक वाक्य हमखास भेटतं: 'सदर आभूषणांना तत्कालीन समाजात सामाजिक व धार्मिक महत्त्व होते.' वाक्य चुकीचं नाही. अडचण अशी की ते जगातल्या कुठल्याही काळातल्या कुठल्याही दागिन्याला लागू पडतं. मुलाखतीत समोरचा एवढंच विचारतो, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" आणि तिथे गाडी अडते. म्हणून आज एकच वस्तू घेऊ आणि 'कशावरून'चं उत्तर कसं तयार होतं ते बघू.

वस्तू आहे हडप्पा संस्कृतीतला (साधारण इ.स.पू. २६०० ते १९००) इंद्रगोपाचा लांब मणी. इंद्रगोप म्हणजे कार्नेलियन, अकिकाच्या कुळातला तांबडा दगड. सहा ते बारा-तेरा सेंटिमीटर लांब, मधे किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता.

पहिली गोष्ट म्हणजे हा तांबडा रंग बराचसा माणसाने आणलेला आहे. गुजरातमधल्या रतनपूरच्या खाणींतून निघणारा दगड पुष्कळदा पिवळट-तपकिरी असतो. तो हळूहळू तापवला की आतल्या लोहामुळे लाल होतो. मग ठोकून आकार द्यायचा, घासायचा, भोक पाडायचं, झिलई द्यायची.

खरी मेख भोकात आहे. इंद्रगोप काचेपेक्षा कठीण. त्यात दहा सेंटिमीटर आरपार, मणी न तडकता भोक पाडायचं कशाने? चन्हुदडो आणि धोलावीरासारख्या ठिकाणी एका अतिशय कठीण दगडाची बारीक दंडगोल टोकं सापडली आहेत. चन्हुदडोचे उत्खनक अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्या दगडाला 'अर्नेस्टाइट' म्हणतात. जोनाथन मार्क केनॉयर यांनी असं टोक बसवलेला सामता कमानीने फिरवून प्रयोग केले, तेव्हा वेग आला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या मण्याला नुसतं भोक पाडायलाच चोवीस तास! कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे अशा ३६ लांब मण्यांचा कंबरपट्टा सापडला. तो पूर्ण करायला ४८० हून जास्त कामाचे दिवस लागले असतील, असा त्यांचा अंदाज आहे.

आता 'मौल्यवान' हा शब्द तुम्ही वापरू शकता, कारण त्याच्या मागे तास आहेत. आणि हे तास तपासता येतात. भोकात सिलिकॉन भरून त्याचा साचा काढतात आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टोक कुठल्या प्रकारचं होतं ते आतल्या रेघांवरून ओळखता येतं. मण्याचं सगळं सौंदर्य बाहेर, आणि पुरावा मात्र घालणाऱ्याला कधीच न दिसणाऱ्या जागी.

दुसरा धागा नकलांचा. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे भाजलेल्या मातीचे, याच आकाराचे, लाल रंग दिलेले मणी मिळाले आहेत. लगेच 'गरिबांचे दागिने' लिहून मोकळे होऊ नका. नक्कल एवढंच सांगते की हे रूप लोकांना ओळखीचं होतं आणि हवंसं होतं. ते कोण घालत होतं, हे ठरवायला मणी कुठल्या घरात, कुठल्या थरात मिळाला ते लागतं.

तिसरा धागा सापडण्याच्या जागेचा. मला सगळ्यात आवडतो तो हाच. हडप्पाच्या दफनांत शंखाच्या बांगड्या मिळतात, बारीक मण्यांचे दागिने मिळतात, पण हे लांब इंद्रगोपाचे मणी मृतांबरोबर पुरलेले दिसत नाहीत. मेसोपोटेमियात, लिओनार्ड वूली यांनी उत्खनन केलेल्या ऊरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत मात्र सिंधू खोऱ्याकडून आलेले इंद्रगोपाचे मणी थडग्यांमध्ये आहेत. इथे बहुधा वारशाने पुढे जाणारी वस्तू, तिथे मृताबरोबर कायमची जाणारी. (नेवाशाच्या ताम्रपाषाणकालीन वस्तीत एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मुलाला ती घालूनच पुरलं. अशा वेळी 'दर्जा' हा शब्द लिहिताना हात जरा थांबायला हवा.)

'बहुधा' का म्हटलं? कारण दफनात नसणं याची दुसरीही कारणं असू शकतात. कदाचित असे मणी घालणाऱ्यांना वेगळीकडे पुरत असतील, किंवा पुरतच नसतील. तुमच्या प्रस्तावात हा पर्याय तुम्हीच मांडा, परीक्षकाची वाट बघू नका.

भोक पाडण्याचं हे सगळं ज्ञान खंभातच्या कारागिरांशिवाय अपुरं राहिलं असतं. तिथे आजही अकिकाचं काम चालतं, आता हिऱ्याच्या टोकाने. दगड घासताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कामगारांना सिलिकोसिस होतो, हेही नोंदलेलं आहे. त्यामुळे अशा ठिकाणी 'जिवंत परंपरा' अभ्यासायला जाणार असाल, तर पद्धतीच्या प्रकरणात कारागिरांचा मोबदला आणि धूळ यांचाही विचार लिहा. ते हजारो वर्षांपूर्वीचे लोक नाहीत, आजचे मजूर आहेत.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. संग्रहालयात दिसणारी माळ बहुतेक वेळा पुन्हा ओवलेली असते. मूळ दोरा केव्हाच कुजलेला. मण्यांचा क्रम, मधलं पदक, लांबी, यातलं बरंच उत्खनकाने किंवा संग्रहालयाने ठरवलेलं असतं. मोहेंजोदडोचा एक सुंदर हार तर १९४७च्या फाळणीत अर्धा भारताकडे, अर्धा पाकिस्तानकडे असा वाटून घेतला गेला. तेव्हा माळेच्या रचनेवरून काही सिद्ध करायचं मनात असेल, तर आधी उत्खननाची नोंदवही आणि मणी जागेवर असतानाचा फोटो मागा. फोटो नसेल, तर रचना सोडा आणि भोकं मोजायला घ्या.