ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर: गाणे लावण्याआधी व्होल्टेज मोजा

ब्रेडबोर्डवर पहिला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर जोडला की बहुतेक जण लगेच गाणे लावून पाहतात. आवाज आला नाही किंवा फाटका आला, की ट्रान्झिस्टर जळाला असे समजून नवा लावतात. दोष मात्र बऱ्याचदा बायसमध्ये असतो.

बायस म्हणजे काय? सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो नीट चालू होत नाही. मायक्रोफोनचे काही मिलिव्होल्ट तिथे कुठे पुरणार? म्हणून सिग्नल येण्याआधीच ट्रान्झिस्टर अर्धवट चालू ठेवतात.

त्यासाठी बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी. बेसपासून बॅटरीच्या धन टोकाला ४७ किलोओहमचा, तर ऋण टोकाला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. कलेक्टर ४.७ किलोओहममधून धन टोकाला, एमिटर १ किलोओहममधून ऋण टोकाला. सिग्नल १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून बेसवर येतो आणि तशाच दुसऱ्या कपॅसिटरमधून कलेक्टरवरून बाहेर पडतो. दोन्हींची धन बाजू ट्रान्झिस्टरकडे हवी.

बेसला एकच रेझिस्टर लावलेल्या आकृत्याही दिसतात. त्या टाळलेल्या बऱ्या. बीसी५४७चा प्रवाहवर्धनाचा गुणांक नगानुसार ११० ते ८००पर्यंत कितीही असू शकतो. एका नगावर चाललेले सर्किट दुसऱ्यावर अडते ते यामुळेच. दोन रेझिस्टर आणि एमिटरचा १ किलोओहम असला की हा फरक फारसा जाणवत नाही.

आता मल्टिमीटर डीसीवर ठेवून, काळा प्रोब ऋण टोकाला लावून मोजावे. बेसवर सुमारे १.५, एमिटरवर ०.९ आणि कलेक्टरवर ४.७ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. कलेक्टर मधोमध असला की सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे जागा मिळते. तिथे पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे: ४७ किलोओहमचा किंवा एमिटरचा सांधा सुटला असेल. कलेक्टर आणि एमिटरवर जवळपास सारखेच व्होल्टेज असेल तर तो पूर्ण चालू झाला आहे. १० किलोओहमचा रेझिस्टर तपासावा. पायही पाहावेत. सपाट बाजू समोर धरली की बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४मध्ये नेमके उलटे.

आकडे जुळल्यावरच सिग्नल द्यावा. वर्धन साधारण ४.७ पट, म्हणजे ४.७ किलोओहम भागिले १ किलोओहम. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ते शंभरपटीच्या पुढे जाते, पण मग मोबाइलचा आवाज अगदी बारीक ठेवावा लागतो.

या सर्किटला ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नये. ४.७ किलोओहमपुढे तो जवळजवळ शॉर्टच ठरतो आणि सारे वर्धन वाया जाते. चाचणीसाठी आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या ऑक्स सॉकेटला द्यावे.