डावे, उजवे आणि चांदवड

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांना जाऊन 12 डिसेंबर 2025 रोजी दहा वर्षे झाली. त्यानिमित्त वाचलेल्या लेखांत एक शिक्का सतत भेटला: ते उजवे होते. त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले आणि 'कडवे डावे' कोण यावर राज्यभर वाद झडला. तेव्हापासून कुठल्याही चर्चेत माणसाला एकच प्रश्न विचारला जातो: तुम्ही कुठल्या बाजूचे? हा प्रश्न मला सलतो, कारण ज्या महाराष्ट्रात मी तरुण झालो त्याला तो कधीच पुरला नाही.

ही विभागणी 1789च्या फ्रान्सची. राजाला नकाराधिकार द्यावा म्हणणारे सभागृहात अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधक डावीकडे. एक रेघ अपुरी पडते हे पुढे तिकडच्याच अभ्यासकांना जाणवले. हान्स आयसेंक यांनी 1954मध्ये दुसरा अक्ष जोडला. डेव्हिड नोलन यांनी 1971मध्ये आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य वेगवेगळे मोजायला सांगितले. पण त्यांच्या आकृत्यांत जातीला जागा नव्हती. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांपासून जनसंघापर्यंत सगळे भाषेच्या प्रश्नावर एकत्र आले. राज्य मिळाले आणि ते आपापल्या वाटेने गेले. नंतरची सहकारसम्राटांची वर्षे मी भरभर उलटतो. त्यांत सत्तेची वाटणी पुष्कळ झाली, विचारांची उलथापालथ थोडी.

खरा कस लागला तो 1980 ते 1990 या दशकात.

1980मध्ये चाकणला जोशींच्या संघटनेचे कांद्याचे आंदोलन झाले आणि वर्ष सरता सरता नाशिक जिल्ह्यात कांदा-ऊस उत्पादक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी निपाणीत तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला. छातीवर लाल बिल्ला लावलेले हे शेतकरी खुली बाजारपेठ मागत होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांची घोषणा. सरकारने निर्यातबंदी आणि लेव्ही लादून भाव पाडू नयेत, एवढे झाले तर सबसिडीचे उपकार नकोत, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या समाजवादी वर्तुळांनी 'बड्या बागायतदारांचे पुढारी' म्हणून जोशींना निकालात काढले. मला तो निवाडा तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. कोरडवाहू जमिनीचा मालकही तोट्यात शेती करत होता. सरकारी धोरणच त्याला लुटते आहे, हे स्पष्ट सांगण्याची हिंमत या परिसंवादवीरांपैकी फार थोड्यांनी दाखवली.

1986च्या नोव्हेंबरात याच संघटनेचे चांदवडला महिला अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून लाखाच्या घरात बाया आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन उभे राहिले: नवऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करायचा, सातबाऱ्यावर तिचे नाव लावायचे. बाजारवादी म्हणून हिणवलेल्या संघटनेने हे गावोगाव करून दाखवले. मग तिला बसवायचे कुठे?

त्याच दशकात मुंबईत गिरणी संप झाला. 18 जानेवारी 1982पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले. सामंत ना कम्युनिस्ट होते, ना काँग्रेसच्या शिस्तीत राहिलेले. गेटवर सामंतांचा जयजयकार करणारा कामगार संध्याकाळी शिवसेनेच्या शाखेत बसे. 1984च्या काँग्रेस लाटेतही सामंत लोकसभेवर निवडून आले. पोटाचा प्रश्न आणि अस्मितेचा प्रश्न त्या कामगाराने वेगळे ठेवले होते. पक्षांना ते जमले नाही.

आणि मराठवाड्यात तिसरा प्रश्न धुमसत होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 1978मध्ये झाला आणि दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. 'भारत विरुद्ध इंडिया', म्हणजे लुटला जाणारा ग्रामीण भारत विरुद्ध त्याला लुटणारी शहरी इंडिया, या जोशींच्या मांडणीची मर्यादा इथे उघडी पडते: भारतातही बांधाच्या आत मालक होता आणि बाहेर मजूर. डाव्यांच्या वर्गाच्या भाषेलाही ही आग नीट वाचता आली नाही. दलित पँथर तर मार्क्स की बुद्ध या वादातच फुटली होती.

बाजार, जात, धर्म, भाषा, स्त्रीचा हक्क: या प्रत्येकावर माणूस वेगळ्या ठिकाणी उभा असायचा आणि त्याबद्दल भांडायचा. ते भांडण मला हवे होते. 1990नंतर ते आक्रसत गेले. अयोध्येने बाकी प्रश्न झाकोळले. उदारीकरणाच्या नव्या समर्थकांनी जोशींचा बाजार तेवढा उचलला, चांदवड टाकून दिले. विरोधकांनीही तेच केले.

याची किंमत आपण अजून चुकवतो आहोत. डिसेंबर 2023मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. जून 2024मध्ये लोकसभेला दिंडोरीत सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या, आणि नोव्हेंबरात विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्याने महायुतीला बहुतेक सर्व जागा दिल्या. कांदा उत्पादक पाच महिन्यांत डावीकडून उजवीकडे गेला नव्हता. त्याच्यापुढे दोनदा वेगळे प्रश्न होते, आणि दुसऱ्या खेपेला घरातल्या बाईच्या खात्यावर सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये जमा होत होते.

त्या पैशांना मी कमी लेखत नाही. तिच्या गरजा खऱ्या आहेत. पण लक्ष्मीमुक्तीने तिला मालकीण करायला घेतले होते, आजचे राजकारण तिला लाभार्थी ठेवते. सत्ताधाऱ्यांनी हप्ता दिला, 2024च्या निवडणुकीत विरोधकांनी तो दुप्पट करण्याचे वचन दिले. सातबाऱ्यावर तिचे नाव लावा, हा आग्रह कुठल्याच जाहीरनाम्याच्या केंद्रस्थानी नाही. म्हणून पक्षांना विचारायचा प्रश्न डावे की उजवे हा नव्हे. माणसाला मालक करणार की लाभार्थी, हे आधी विचारले पाहिजे, आणि त्या कसोटीवर आज दोन्ही बाजू नापास आहेत.